जेत्याच्या माथ्यावरचा भार

स्पर्धेकडून आपण दोन निरनिराळ्या अपेक्षा करीत असतो. त्या एकमेकींशी कितपत जुळतात ह्याचा विचार मात्र क्वचितच करतो. पहिली अपेक्षा अशी की, जो श्रेष्ठ असेल तो जिंकावा. दुसरी अशी की, कोण जिंकणार हे अखेरपर्यंत कळू नये. पहिली अपेक्षा न्यायाची, दुसरी रसाची. श्रेष्ठ असेल तोच प्रत्येक वेळी जिंकू लागला तर न्याय होतो, पण रस जातो. आणि कोणीही केव्हाही जिंकू लागला तर रस राहतो, पण न्यायाचा भरवसा उडतो. बहुतेक खेळ ह्या दोहोंमध्ये काही तडजोड करून चालतात, व ती तडजोड नियमांच्या गर्दीत सहसा दिसून येत नाही. जपानातील मोटारींच्या शर्यतींच्या 'सुपर जीटी' नामक वार्षिक मालिकेत मात्र ती अगदी उघडी, किलोग्रॅममध्ये मोजता येईल अशी मांडलेली आहे. तेथे जो जिंकतो, त्याच्या गाडीवर पुढल्या शर्यतीसाठी वजन लादले जाते. जिंकल्याबद्दल चषक मिळतो, गुण मिळतात, आणि त्यांच्याबरोबर ओझेही मिळते. हे न्याय्य आहे काय, एवढाच आजचा आमचा प्रश्न आहे.

मोटारींच्या शर्यती हा विषय ह्या मासिकाच्या वाचकांस काहीसा परका वाटेल, म्हणून थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. 'ग्रँड टूरिंग' म्हणजे दूरच्या प्रवासाला योग्य अशी वेगवान व सुखकर मोटारगाडी. नावाच्या मुळाशी सधन इंग्रज तरुणांच्या युरोपयात्रेची जुनी प्रथा आहे. पुढे इटालियन कारखानदारांनी आपल्या गाड्यांस हे बिरुद लावले, आणि त्या गाड्यांना शर्यतीच्या मैदानात उतरविण्याची रीत देशोदेशी पडली. जपानात अशा गाड्यांची अखिल जपान अजिंक्यपद स्पर्धा १९९३ साली सुरू झाली. परदेशांतही शर्यती भरवावयाच्या म्हणून २००५ पासून तिला 'सुपर जीटी' हे नाव मिळाले. पण तिचा आत्मा जपानीच राहिला. तिच्यात 'जीटी ५००' व 'जीटी ३००' असे दोन वर्ग एकाच वेळी, एकाच धावपट्टीवर धावतात. हे आकडे मुळात त्या त्या वर्गाच्या इंजिनांच्या अश्वशक्तीवरून पडले. वरच्या वर्गात टोयोटा, निसान व होंडा हे तीन जपानी कारखाने वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजत आले आहेत. प्रत्येक गाडीला दोन चालक असतात. अर्ध्यावर कोठे तरी एक उतरतो व दुसरा बसतो. म्हणून ह्या स्पर्धेत विजय एकाचा नसतो, जोडीचा असतो.

आता त्या ओझ्याचा हिशेब. २०२० साली पहिल्या येणाऱ्यास २० गुण, दुसऱ्यास १५, तिसऱ्यास ११, आणि असे उतरत उतरत दहाव्यास १ गुण मिळे. २०२० च्या मोसमात 'जीटी ५००' वर्गासाठी नियम असा होता की, मिळविलेल्या प्रत्येक गुणामागे पुढल्या शर्यतीत २ किलो वजन वाहावयाचे. म्हणजे एका विजयाचे ओझे ४० किलो झाले. भार साचत जातो, पण १०० किलोंच्या वर चढत नाही. तो ५० किलोंच्या पुढे गेला, तर वरचा भाग शिशाच्या किंवा पोलादाच्या रूपाने न घालता इंजिनाकडे जाणारा इंधनाचा ओघ आवळून भरून काढतात. कारण अतिवेगाने धावणारी गाडी फार जड होणे हे चालकाच्या व इतरांच्याही जिवास धोक्याचे असते. आठ शर्यतींपैकी पहिल्या सहांस हा नियम पूर्णपणे लागू होता. सातव्या शर्यतीत भार निम्म्यावर येई, आणि आठव्या, म्हणजे अखेरच्या शर्यतीत तो सर्वस्वी उतरविला जाई. ज्यांना ह्या गणिताचा कंटाळा आला असेल त्यांनी शेवटची दोन वाक्ये तेवढी ध्यानात ठेवावी. आमच्या विवेचनाचा भर त्यांच्यावरच आहे.

हजार किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीवर आणखी चाळीस-पन्नास किलो घातल्याने असे काय होते, अशी शंका येण्याचा संभव आहे. जड गाडीला वेग घेण्यास उशीर लागतो, वळणापूर्वी ब्रेक आधी दाबावा लागतो, वळणात ती बाहेरच्या अंगाला अधिक ओढली जाते, आणि ह्या सर्वांचा ताण टायरांवर पडून ते लवकर झिजतात. प्रत्येक फेरीत गेलेला सेकंदाचा लहानसा अंश तीनशे किलोमीटरांच्या अखेरीस पुष्कळ मोठा होतो. जेथे पाचव्या व दहाव्या क्रमांकांत काही सेकंदांचेच अंतर असावयाचे, तेथे हा भार म्हणजे प्रत्यक्ष दैवाने धरलेला हातच होय.

ह्या नियमाविरुद्धचा आक्षेप प्रथम त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडू. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, हे तत्त्व ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले आहे. जो अधिक योग्य त्याला अधिक वाटा, असे वाटणीच्या न्यायाचे प्रमाण त्याने सांगितले. येथे तर योग्यतेचे माप वाढताच उलट तिच्या पायांत बेडी पडते. गुन्हा करणाऱ्यास शिक्षा होते, हे आपण समजू शकतो. पण उत्तम रीतीने गाडी हाकणे हा कोणता गुन्हा? अमेरिकन कथाकार कर्ट व्हॉनेगट ह्याने 'हॅरिसन बर्जरॉन' ह्या १९६१ सालच्या कथेत असा एक समाज रंगविला आहे की, त्यात बलवानांच्या अंगावर वजने लटकवून सर्वांना सक्तीने समान केलेले असते. ती कथा उपहासाची आहे, आणि वाचताना त्या समाजाची कोणासही किळसच येते. मग शर्यतीच्या मैदानात तीच गोष्ट गोड कशी मानावी?

आक्षेपाचे दुसरे अंग ह्याहूनही गंभीर आहे. पहिल्याने हक्काला धक्का लागतो. दुसऱ्याने चारित्र्याला लागतो. जिंकल्याने ओझे वाढत असेल, तर कधी कधी न जिंकणेच शहाणपणाचे ठरेल. पुढल्या महिन्यातली धावपट्टी आपल्या गाडीस अनुकूल आहे, तेव्हा ह्या महिन्यात चौथ्या जागेच्या ऐवजी सातवी पत्करावी आणि हलक्या गाडीने तेथे जावे, असा हिशेब कोणाही चतुर व्यवस्थापकास सुचेल. मोटार-शर्यतींच्या जगात शक्ती लपविण्याच्या ह्या विद्येस स्वतंत्र नावही आहे. युधिष्ठिराचा रथ सत्याच्या बळाने जमिनीपासून चार बोटे वर चालत असे व एका अर्धसत्यापायी तो खाली टेकला, अशी भारतातली कथा आहे. आपल्या सामर्थ्याविषयी अर्धसत्य बोलावयास जो नियम लावतो, तो माणसांचे रथ जमिनीवर आणणाराच म्हणावा लागेल.

ह्या आक्षेपांना सामान्यतः जे उत्तर दिले जाते ते असे की, प्रेक्षकांस चुरस हवी असते. एकच गाडी नेहमी जिंकू लागली तर तिकिटे खपणार नाहीत, कारखानदार पैसा ओतणार नाहीत, आणि मालिकाच बंद पडेल. हे खरे असेल. पण नीतीच्या दृष्टीने हे उत्तर नव्हे. दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी एखाद्याच्या योग्यतेवर भार घालणे न्याय्य कसे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. शिवाय २०२० च्या मोसमात रोगाच्या साथीमुळे पहिल्या चार शर्यती मैदानावर प्रेक्षकांवाचून झाल्या. तरी भाराचा नियम ढळला नाही. दूरचित्रवाणीवरून पाहणारे होतेच, हे आम्ही जाणतो. तथापि, ज्या नियमाचे समर्थन केवळ पाहणाऱ्यांच्या सुखावर उभे आहे, तो धावणाऱ्यांस बंधनकारक का वाटावा, हे सांगणे बाकीच राहते.

दुसरे उत्तर घोड्यांच्या शर्यतींच्या उदाहरणाने देतात. मुंबईचे महालक्ष्मी व पुण्याचे मैदान ज्यांस ठाऊक आहे, त्यांस 'हँडिकॅप' हा शब्द नवा नाही. ज्या घोड्याची कीर्ती मोठी त्याच्या पाठीवर अधिक वजन, ज्याची कमी त्याच्या पाठीवर कमी. ऑस्ट्रेलियातील विख्यात मेलबोर्न कप हीदेखील अशीच शर्यत आहे. १९३० साली फार लॅप नावाच्या घोड्याने ती जिंकली. १९३१ साली त्याच्यावर १० स्टोन १० पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो वजन ठेवण्यात आले, आणि तो आठवा आला. पण ह्या दृष्टान्ताने जितके सिद्ध करावयाचे त्याहून अधिकच सिद्ध होते. हँडिकॅप ठरविणाऱ्याची बुद्धी परिपूर्ण असती, तर सर्व घोडे एकाच क्षणी रेषा ओलांडते. म्हणजे ही पद्धत जितकी निर्दोष होत जाईल तितकी शर्यत निरर्थक होत जाईल, आणि जो जिंकेल तो हिशेबातल्या चुकीमुळे किंवा दैवामुळे जिंकेल. जेथे समानता हे साध्य मानले, तेथे श्रेष्ठत्व शोधण्याचे कामच संपले.

मोटारींच्या शर्यतींत ह्याहून वेगळी एक समानता आहे. तिचाही येथे निवाडा केला पाहिजे. 'जीटी ३' ह्या वर्गाच्या गाड्या आज अनेक देशांच्या राष्ट्रीय स्पर्धांत धावतात. एकीचे इंजिन मागे, दुसरीचे पुढे, तिसरीचे मध्यभागी. एकीची शक्ती अधिक, दुसरीचे वजन कमी. त्यांची आपसांत तुलना व्हावी म्हणून नियामक मंडळे कोणत्या बनावटीस किती वजन व किती शक्ती हे आधीच ठरवून देतात. ही समानता आरंभबिंदूची होय. चालकाने यंत्राच्या जन्मजात भेदामुळे हरू अगर जिंकू नये, एवढाच तिचा हेतू. जॉन रॉल्स ह्या तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात जन्माने मिळालेल्या लाभांवर कोणाचाही नैतिक हक्क नाही असे जे प्रतिपादन केले, त्याच्याशी हिचे नाते लावता येईल. पण जेत्यावरचा भार हा असा नाही. तो आरंभीच्या भेदावर बसत नाही, मिळविलेल्या फळावर बसतो. सार्वजनिक वादांत ह्या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ज्याला आरंभीच मागे उभे केले होते त्याला पुढे आणणे निराळे, आणि जो धावून पुढे गेला त्याला ओढून धरणे निराळे. पहिलीस दुसरीचे नाव देऊन तिची निंदा करणारे आहेत, तसेच दुसरीस पहिलीचे नाव देऊन तिची तरफदारी करणारेही आहेत. आम्हांस दोघांचेही म्हणणे मान्य नाही. म्हणून जेत्यावरच्या भाराचे समर्थन होत असेलच, तर ते त्याच्या स्वतःच्याच स्वरूपातून व्हावयास पाहिजे.

ते स्वरूप नीट न्याहाळले म्हणजे तीन गोष्टी दिसतात. एक, विजयाबद्दल मिळालेले गुण परत घेतले जात नाहीत. वीस गुण हे वर्षअखेरपर्यंत वीसच राहतात. भार पुढच्या प्रयत्नावर येतो, मागच्या यशावर नाही. दुसरी, भाराचे माप आधी जाहीर झालेले असते. कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीने, कोणाच्या कीर्तीच्या अंदाजाने किंवा मत्सराने ते ठरत नाही. दर गुणामागे दोन किलो, मग तो गुण कोणाचाही असो. हँडिकॅप ठरविणारा घोड्याचे भविष्य वर्तवितो. येथे भूतकाळाची केवळ नोंद होते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हा भार मुदतीचा आहे. शेवटच्या निवाड्यापूर्वी तो उतरतो. सातव्या शर्यतीत निम्मा, आठवीत शून्य. अजिंक्यपदाचा शेवटचा शब्द उच्चारला जातो तेव्हा सर्व गाड्या आपापल्या मूळ वजनाने उभ्या असतात.

ह्या तीन लक्षणांमुळे भार आणि दंड ह्यांतला भेद स्पष्ट होतो. दंड माणसापासून काही हिरावून घेतो व त्याला कमी लेखतो. भार हा माणसाच्या सामर्थ्यावर विश्वास ठेवून त्याच्याकडे अधिक मागतो. घरातल्या कर्त्या मुलाच्या खांद्यावर अधिक जबाबदारी पडते, तेव्हा त्यास शिक्षा झाली असे कोणी म्हणत नाही. मात्र हा दृष्टान्त जपून वापरला पाहिजे. कारण तीच जबाबदारी आजन्म आणि बेहिशेबी होत गेली, व कर्तेपणाचे श्रेयही दुसरा घेऊ लागला, तर तो भार न राहता दंडच होतो. श्रेय शाबूत, माप जाहीर आणि मुदत ठरलेली, ह्या तीन अटी जेथे पाळल्या जातात तेथेच भाराला न्यायाचे नाव शोभते. व्हॉनेगटच्या कथेतील वजनांपाशी ह्या अटींपैकी मुदत नाही व श्रेयही नाही. म्हणून ती किळसवाणी आहेत.

शक्ती लपविण्याच्या मोहाचे काय? त्याचेही उत्तर काही अंशी मुदतीतच सापडते. गुण कायमचा आणि भार तात्पुरता असेल, तर प्रामाणिक धावणाराच शेवटी नफ्यात राहतो. चौथी जागा सोडून सातवी घेणाऱ्याने चार गुण कायमचे गमावले. त्याच्या बदल्यात वाचलेले आठ किलो काही आठवड्यांपुरतेच होते. एखाद्या विशिष्ट प्रसंगी हा हिशेब उलटाही पडेल, हे आम्ही नाकारीत नाही. तेव्हा नियम करणाऱ्याने पाळावयाची कसोटी अशी सांगता येईल: भार इतकाच असावा की, त्याच्याखालीही मनापासून प्रयत्न करणे हाच सर्वांत फायद्याचा मार्ग राहावा. ज्या नियमाखाली ढोंग फायद्याचे ठरते, तो नियम कितीही समता आणो, वाईटच होय. आणि ढोंगाचा दोष अशा वेळी ढोंग करणाऱ्याइतकाच नियम करणाऱ्याचाही असतो.

आता २०२० चा मोसम ह्या विचारांना कितपत साक्ष देतो ते पाहू. साथीमुळे प्रवास आखडता घेऊन आठही शर्यती तीनच ठिकाणी झाल्या: फुजी येथे चार, सुझुका व मोतेगी येथे दोन-दोन. जुलैमध्ये फुजी येथील पहिल्या शर्यतीत टोयोटाच्या नव्या सुप्रा गाड्यांनी पहिल्या पाचही जागा पटकावल्या. र्‍यो हिराकावा व निक कॅसिडी ही जोडी पहिली आली. भाराचा नियम नसता, तर वर्षाची कथा तेथेच संपली असती असे म्हणणारे पुष्कळ निघाले असते. पण दुसरी शर्यत होंडाच्या कोउदाई त्सुकाकोशी व बर्ट्रांड बागेत ह्यांनी घेतली, तिसरी निसानच्या त्सुगिओ मात्सुदा व रॉनी क्विंतारेल्ली ह्यांनी; चौथी पुन्हा त्सुकाकोशी-बागेत ह्यांची, सहावी पुन्हा मात्सुदा-क्विंतारेल्ली ह्यांची; पाचवी व सातवी आणखी दोन निराळ्या जोड्यांनी जिंकली. आणि आठवी, भाररहित अशी अखेरची शर्यत, नाओकी यामामोतो व तादासुके माकिनो ह्यांनी जिंकली. आठ शर्यतींत सहा जोड्या विजयी झाल्या. अजिंक्यपद मिळाले ते यामामोतो-माकिनो ह्यांस. वर्षभरात त्यांनी जिंकलेली शर्यत एकच, आणि ती शेवटची.

येथे वाचक थबकेल. दोन दोन शर्यती जिंकणाऱ्या दोन जोड्या रिकाम्या हाताने परतल्या, आणि एकच जिंकणारी अजिंक्य ठरली. हाच काय तो न्याय? आमचे उत्तर असे की, अजिंक्यपद म्हणजे विजयांची बेरीज नव्हे. ज्या आठवड्यात गाडी जड आहे, त्या आठवड्यातही ती सहाव्या जागेवर टिकविणे, टायर जपणे, धडक टाळणे, आणि जे दोन-चार गुण मिळण्यासारखे आहेत ते पदरात पाडून घेणे, ह्याला एक निराळी योग्यता लागते. हलक्या गाडीने पहिला येणाऱ्याची छबी वर्तमानपत्रांत येते. जड गाडीने सहावा येणाऱ्यास पाहणारे डोळे थोडे. पण खेळ जाणणारे त्याच्याकडेच पाहतात. भाराचा नियम ही दुसरी योग्यता उजेडात आणतो. तो नसता तर वर्षअखेर आपल्याला एवढेच कळले असते की, अनुकूल परिस्थितीत कोण वेगवान आहे. प्रतिकूल परिस्थितीत कोण कसा वागतो, हे कळण्यास प्रतिकूलता लागतेच. आणि यशस्वी माणसाच्या वाट्याला ती आपण होऊन फारशी येत नाही.

किंबहुना व्यवहारात ह्याच्या उलट घडते, आणि ह्या नियमाचे खरे समर्थन आम्हांस तेथे दिसते. जगात यशाला वजन नसते. असलेच तर ते ऋण चिन्हाचे असते. जो जिंकतो त्याच्याकडे पैसा येतो, पैशाने उत्तम अभियंते येतात, उत्तम टायर येतात, आणि पुढली शर्यत त्यास अधिकच सोपी होते. पहिला विजय त्याने आपल्या गुणांनी मिळविलेला असेल. पाचव्या विजयात पहिल्या चारांची देणगी किती व त्याचा गुण किती, हे कोण सांगणार? म्हणजे भार न घालणे ही तटस्थता नव्हे. तो न घातल्याने शर्यत आपोआप जेत्याच्या बाजूस कलत जाते. रॉबर्ट नोझिक ह्या तत्त्वज्ञाने १९७४ च्या ग्रंथात विल्ट चेंबरलेन ह्या बास्केटबॉलपटूचे उदाहरण घेऊन असे मांडले की, लोकांनी राजीखुशीने पैसे दिल्यामुळे तो श्रीमंत झाला, तर त्या विषमतेत अन्याय नाही. एका सामन्यापुरते ते आम्हांस पटते. पण मालिका म्हटली की मागच्या सामन्याचे फळ पुढच्या सामन्याचे साधन बनते, आणि मग 'फळ' व 'साधन' ह्यांस एकच न्याय लावता येत नाही. फळ जेत्याचेच असावे. साधनांच्या समतोलाची चिंता मात्र सर्वांनी मिळून वाहावी. जपानच्या नियमाने नेमकी हीच वाटणी केली आहे. गुण हे फळ म्हणून त्यांस हात लावला नाही. वजन हे साधनांचा समतोल म्हणून घातले.

मग हा नियम सर्वत्र लावावा काय? मुळीच नाही. आम्ही आयुष्य अध्यापनात घालविले आहे; पहिल्या सहामाहीत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या सहामाहीत अधिक कठीण प्रश्नपत्रिका द्या, असे कोणी सुचविले तर त्याला आम्ही दारातूनच परत पाठवू. कारण परीक्षेत एकाच्या यशाने दुसऱ्याचे यश कमी होत नाही. सर्वच उत्तीर्ण होऊ शकतात. ज्ञान वाटल्याने सरत नाही. शर्यतीत पहिली जागा एकच, आणि प्रतिस्पर्धी मैदानात टिकून राहणे ही जेत्याचीसुद्धा गरज असते, कारण प्रतिस्पर्धी संपले की त्याच्या विजयालाही अर्थ उरत नाही. जेथे फळ दुर्मीळ आहे, जेथे मागचे यश पुढच्याचे साधन होते, आणि जेथे सर्वांच्या सहभागावाचून तो उद्योगच चालू शकत नाही, अशाच क्षेत्रांत जेत्यावर भार घालण्याचा अधिकार समाजाला पोहोचतो. संपत्तीवरील चढत्या दराच्या कराचे समर्थन ह्या मार्गाने होऊ शकेल. विद्येवरील कराचे कधीही होणार नाही.

एक गोष्ट उरली, ती दैवाची. २९ नोव्हेंबर २०२० रोजी फुजीच्या पायथ्याशी ती अखेरची शर्यत सुरू झाली तेव्हा कोणत्याही गाडीवर भार नव्हता. हिराकावा शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होता. शर्यत आणि अजिंक्यपद दोन्ही त्याच्या हातात होती. मागून यामामोतो पाठ सोडीत नव्हता. अखेरच्या वळणातून बाहेर पडता पडता हिराकावाच्या गाडीतले इंधन संपले, आणि सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या त्या सरळ पट्टीवर, रेषा दृष्टीस पडत असताना, यामामोतो त्याच्या बाजूने निघून गेला. हिराकावा घरंगळत दुसरा आला. हे निव्वळ दैव म्हणता येणार नाही, कारण पाठलागामुळेच इंधन अधिक जळत असते. पण निव्वळ योग्यताही म्हणता येणार नाही. एका वर्षाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याच मैदानावर, त्याच अखेरच्या शर्यतीत, गुणांत आघाडीवर असलेल्या यामामोतो-माकिनो ह्यांच्या गाडीस खालच्या वर्गातील एक गाडी येऊन आदळली आणि हातातले अजिंक्यपद त्यांच्याही हातून गेले. ह्यांत कोणी कोणाची परतफेड केली नाही. हिराकावाला त्यातून काहीही मिळाले नाही. दैवाला 'दर गुणामागे दोन किलो' असा नियम ठाऊक नसतो.

ह्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतील की, शेवटी दैवच ठरविणार असेल तर वजनांचा हा खटाटोप कशाला? आमचे मत उलट आहे. दैव आपल्या ताब्यात नाही, म्हणूनच जे ताब्यात आहे ते तरी उघड, मोजके आणि मुदतीचे असावे. नियमाने दैव नाहीसे करण्याचे वचन दिलेले नव्हते. त्याने एवढेच वचन दिले होते की, अखेरच्या दिवशी कोणाच्याही माथ्यावर माणसाने ठेवलेले ओझे नसेल. ते वचन त्याने २०२० साली पाळले आणि २०२१ सालीही पाळले.

दोन दोन शर्यती जिंकूनही मागे राहिलेल्या त्या चार चालकांना हे विवेचन पटेल, अशी आमची अपेक्षा नाही. ज्यांनी भार वाहिला त्यांना तो न्याय्य होता हे दुसऱ्याने समजावून सांगण्यात एक प्रकारचा उद्धटपणा आहे, हेही आम्ही जाणतो. पण ते पुढल्या मोसमात पुन्हा त्याच नियमाखाली उतरले, पुन्हा जिंकण्यासाठीच धावले, आणि जिंकल्यावर पुन्हा वजन घेऊन उभे राहिले. त्यांना दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती म्हणून, की हा भार वाहण्यालायक आहे असे त्यांस वाटले म्हणून, हे त्यांचे त्यांस ठाऊक. ज्या समाजाला आपल्या समर्थ माणसांवर भार घालावयाचा असेल, त्याने मात्र हा प्रश्न त्यांना अधूनमधून विचारीत जावे, आणि उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवावी.